मेलेला दिवा कुणी ओढायचा?

सध्या एक नवं सोनं निघालंय. ते खाणीत नाही, नदीच्या वाळूत नाही, आपल्या वस्तीमागच्या उकिरड्यात आहे म्हणे. पेपरात लेख येतात, परिसंवाद भरतात, कोटवाले साहेब पडद्यावर आकडे दाखवतात आणि शेवटी टाळीचं वाक्य येतं – कचरा हा कचरा नव्हेच, ती शहरातली खाण आहे. मोबाईल, संगणक, टीव्ही यांची खाण आधीच उघडली. आता पाळी दिव्यांची. विझलेली ट्यूबलाईट, बुडाशी काळा पडलेला सीएफएल, लुकलुकून मेलेला एलईडी. यात सोनं आहे, चांदी आहे, गॅलियम आहे, युरोपियम नि टर्बियम अशी जीभ अडखळवणारी मूलद्रव्यं आहेत. आणि ती काढायची कुणी? इथं साहेबाचा आवाज एकदम मऊ होतो. असंघटित क्षेत्रातल्या बांधवांना यात मोठी संधी आहे, असं तो म्हणतो.

दोस्तांनो, 'संधी' हा शब्द आपल्या दिशेनं फेकला गेला की आधी त्याचा वास घ्यायचा, हात मग लावायचा.

१५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांनी केलेल्या भाषणात मेलेल्या ढोरांचा हिशेब येतो. आपल्या माणसांनी ढोर ओढणं सोडलं, तेव्हा गावाची पंचाईत झाली आणि पेपरातून हिशेब मांडून दाखवण्यात आला – शिंगं, खूर, हाडं, कातडं, मांस, एवढ्या सगळ्याचे वर्षाला पाचशे रुपये तुम्ही हातानं घालवताय. बाबासाहेबांचं उत्तर सरळ होतं. एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा की. वर आणखी पैसे मी देतो. त्या फायद्याकरता कुणी शेटजी-भटजी ढोराची शेपटी धरायला पुढं आल्याचं ऐकिवात नाही.

आज मेलेल्या दिव्याचा हिशेब आपल्याला सांगितला जातोय. हिशेब तोच, जनावर बदललंय. म्हणून हा अंक दिव्यावर काढतोय आणि हे संपादकीय नेहमीपेक्षा लांब होणार आहे. ज्यांना कविता आधी वाचायच्या आहेत त्यांनी पानं उलटावीत, मग परत इथं यावं.

आधी दिवा फोडून बघू. कागदावरच, कारण खरा फोडायचा नसतो. का, ते पुढं येईल.

ट्यूबलाईट म्हणजे काचेची नळी, टोकांना ॲल्युमिनियमच्या टोप्या, आत टंगस्टनच्या वळ्या, नळीला आतून लावलेली पांढरी भुकटी आणि थोडासा पारा. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश निघतो. भुकटी तो पिते आणि पांढरा उजेड टाकते. जुन्या जाड नळ्यांतली भुकटी कॅल्शियमच्या हॅलोफॉस्फेटची. स्वस्तातली. तिच्यातून काढण्यासारखं फारसं काही नाही. बारीक नळ्या नि सीएफएल आले, तेव्हा तीन रंगांच्या तीन भुकट्या आल्या. लाल रंगाला यिट्रियम-युरोपियम, हिरव्याला लँथॅनम-सेरियम-टर्बियम, निळ्याला बेरियम-मॅग्नेशियमच्या ॲल्युमिनेटात पुन्हा जरासं युरोपियम. ज्यांच्यावरून देशादेशांत ओढाताण चालते ती दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं ती हीच. सीएफएलच्या पांढऱ्या धुळीत ती बसलेली आहेत, हे खरं आहे. साहेब खोटं बोलत नाही. अर्धं बोलतो.

लाल भुकटी पातळ ॲसिडात बऱ्यापैकी विरघळते. हिरवी हट्टी. तिला सोड्याबरोबर भट्टीत तापवून फोडावं लागतं, तेव्हा कुठं टर्बियम सुटतं. आणि सुटलेली ही सगळी भावंडं रसायनाच्या अंगानं एकमेकांसारखी इतकी, की एकाला दुसऱ्यापासून वेगळं करायला द्रावकांच्या टाक्यांमागं टाक्या लावाव्या लागतात. हे घमेल्यात, पत्र्याच्या शेडमागं होणारं काम नव्हे. शेडमागं एकच होतं – नळी फुटते, टोप्यांचं ॲल्युमिनियम निघतं, भुकटी वाऱ्यावर जाते आणि तिच्याबरोबर पारा.

आता एलईडी. निळा एलईडी घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं. त्यांचं कौतुक आहेच. निळ्या उजेडावर पिवळ्या भुकटीचा थर दिला की पांढरा उजेड होतो, आणि त्यावर जगाचे दिवे बदलले. घरातला नऊ वॉटचा गोळा उघडला तर वर प्लॅस्टिकची टोपी, तिच्याखाली ॲल्युमिनियमची चकती, चकतीवर डझनभर पिवळे ठिपके, खाली ड्रायव्हरची छोटी पट्टी – तिच्यावर कपॅसिटर, एखादं तांब्याचं वेटोळं, डाग दिलेलं कथील – नि खाली पिनांची टोपी. प्रत्येक ठिपक्यात नीलमण्याच्या किंवा तसल्याच बिलोरी तुकड्यावर गॅलियम नायट्राईडचा काही मायक्रॉनांचा थर असतो. त्या तुकड्याला वीज पोचवायला केसापेक्षा बारीक तारा जोडलेल्या असतात. सोनं म्हणतात ते या तारांत.

मी हिशेब केला. तार २० मायक्रॉन जाडीची आणि एक मिलिमीटर लांबीची धरा. शुद्ध सोन्याची धरा, म्हणजे साहेबाच्या बाजूनं धरा. स्वस्त मालात आता तांब्याच्या नाहीतर चांदीच्या मिश्रधातूच्या तारा वापरतात. अशा एका तारेत मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाचे सहा भाग सोनं बसतं. एका ठिपक्याला दोन तारा, एका गोळ्यात बारा ठिपके. तर एक ग्रॅम सोन्याला जवळजवळ सात हजार गोळे लागतील. सात हजार! तेही ठिपक्यातलं सिलिकॉन जाळून, नायट्रिक-हायड्रोक्लोरिक ॲसिडाच्या मिश्रणात बुडवून, तपकिरी-लाल धूर छातीत घेऊन, आणि एक कणही न सांडता. गॅलियम तर त्याच्याही पलीकडं. त्याचं नायट्राईड साध्या ॲसिडाला दादच देत नाही. त्याला आधी मोठ्या उष्णतेत भाजावं लागतं, नाहीतर दाबाखाली विरघळवावं लागतं.

म्हणजे वस्तीतल्या पोराला एका दिव्यातून काय मिळतं? ॲल्युमिनियम. आमच्याकडं ज्याला जर्मन म्हणतात ते. चकती, बूड, कधी पितळेची पिन. भंगाराच्या काट्यावर वजन होतं जर्मनचं. ठिपक्यांसकट पट्टी पोत्यात जाते, पोतं पुढच्याला विकलं जातं, पुढचा त्याच्या पुढच्याला. सोनं जर कुठं निघत असेलच, तर शेवटच्या माणसाच्या भट्टीत. जुन्या बैठकीत थोडं बरं होतं: ट्यूबलाईटच्या पट्टीत चोक असायचा, लोखंडाच्या पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली, हातात घेतला की वजन लागायचं. रस्त्यावरचे सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले गेले तेव्हा असले चोक ढिगांनी निघाले. ते भंगारवाल्यांनी जपून उचलले. दिव्याची काच मात्र कुणी उचलली नाही.

आता दुसरा हिशेब. ५ जानेवारी २०१५ ला 'उजाला' योजना निघाली. त्यात देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी गोळे वाटले गेले. वाटले म्हणजे स्वस्तात विकले. चांगलं झालं, विजेचं बिल उतरलं, याबद्दल तक्रार नाही. एका गोळ्याचं वजन ६० ग्रॅम धरलं, तर हे बावीस हजार टनांच्या आसपास भरतात. आणि मघाचाच दर लावला, तर या सगळ्या ढिगातलं सोनं पन्नास किलोच्या वर जातं. एका दिव्यात काहीच नाही, पण ढिगात पन्नास किलो. गोम इथं आहे. मोल दिव्याला नसतंच, ते ढिगाला असतं. आणि ढीग लावायला गोदाम लागतं, गोदामाला जागा लागते, जागेला कागद लागतात, भट्टीला परवाना लागतो, परवान्याला ओळख लागते. आपल्याकडं काय आहे? पोतं आहे.

मुंबईच्या झवेरी बाजारात गटाराचा गाळ उपसून सोन्याचे कण धुणारी माणसं आहेत. सोनाराच्या दुकानातली झाडलोट घेऊन तीतून सोनं काढणाऱ्याला आपल्या भाषेत झारेकरी म्हणतात. पिढ्यान् पिढ्यांचा धंदा आहे. पण झारेकऱ्याची पेढी झाली, असं कधी दिसलं का? धूळ त्याची, कसब त्याचं, फुफ्फुस त्याचं. पेढी ज्याची होती त्याचीच राहिली. दिव्यातल्या सोन्याचीही तीच चाल आहे, फरक एवढाच की झवेरी बाजारातली धूळ निदान विषारी करून ठेवलेली नव्हती.

आता फ्रान्समधली एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या साहेबांच्या परिसंवादात कुणी सांगणार नाही. २०१० मध्ये चीननं दुर्मिळ मृदांची निर्यात आखडली, २०११ मध्ये भाव आभाळाला गेले. तेव्हा सोल्वे या मोठ्या रसायन कंपनीनं तिथल्या ला रोशेल आणि सेंट-फॉन्स इथल्या आपल्या कारखान्यांत मेलेल्या दिव्यांच्या भुकटीतून यिट्रियम, युरोपियम, टर्बियम वेगळं काढायची सोय उभारली. २०१२ च्या सुमारास ती चालू झाली. टाक्या होत्या, शास्त्रज्ञ होते, युरोपातले गोळा केलेले दिवे होते, पैसा होता. मग भाव पडले. शिवाय एलईडी आले, त्यांच्यात असली भुकटी फारच थोडी लागते. २०१६ मध्ये ती सोय बंद करावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला भुकटीचा धंदा चार-पाच वर्षांवर रेटला नाही. आणि आपल्याला सांगतात, हातोडा घ्या, श्रीमंत व्हा.

माझा मुद्दा भुकटीतून धातू काढू नयेत असा नाही. काढलेच पाहिजेत. जमीन कमी खणावी लागते, पारा कोंडून ठेवता येतो. जून २०२३ मध्ये भारत सरकारनं ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली. गॅलियम, इंडियम, दुर्मिळ मृदा तिच्यात आहेत. त्याच वर्षी चीननं गॅलियमच्या निर्यातीवर परवान्याची कडी घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं असल्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली, इलेक्ट्रॉनिक कचरा तिच्यात धरला, आणि तिचा एक तृतीयांश भाग लहान नि नव्या उद्योगांना ठेवला. म्हणजे बाजार पडला तरी सरकार पैसा घालणार. घालावा. पण तो पैसा खाली उतरत उतरत पोत्यापर्यंत येतो का वरच्या मजल्यावरच जिरतो, हे आपण नाही बघायचं तर कुणी?

आता विषाचं. एका सीएफएलमध्ये पारा असतो काही मिलिग्रॅम, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा. घरात एक दिवा फुटला तर खिडक्या उघडा, बाहेर जा, झाडू न मारता कागदानं उचला, ओल्या फडक्यानं पुसा – एवढं सांभाळलं तरी बहुतेक निभावतं. पण रोज शंभर नळ्या बंद शेडमध्ये फोडणारा माणूस टाचणीच्या टोकाएवढा पारा घेत नाही, तो दिवसभर त्याची वाफ ओढतो. वाफेला रंग नाही, वास नाही. आधी हात कापतात, झोप जाते, माणूस चिडचिडा होतो, विसरायला लागतो; घरच्यांना वाटतं, दारू पितोय. मूत्रपिंडं जातात. गरोदर बाईच्या पोटातल्या गर्भापर्यंत पोचतो तो. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याच्या पाण्यातून पारा माशांत गेला आणि माशांतून कोळ्यांच्या घरात. त्या रोगाची अधिकृत नोंद झाली १ मे १९५६ ला. आपल्या नागपूरच्या दीक्षेच्या पाच महिने आधी. त्या गावाच्या नावानं २०१३ मध्ये जगानं करार केला, भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरलं की पाऱ्याच्या उरल्यासुरल्या ट्यूबलाईटचं उत्पादनही २०२७ पर्यंत थांबवायचं. उत्तम ठराव आहे. पण बनवणं थांबलं म्हणजे आधी बनवलेल्या नळ्या हवेत विरत नाहीत. ऑफिसं, शाळा, कारखाने, रेल्वे – सगळीकडून त्या उतरतील आणि कुठंतरी जातील. कुठं, ते सांगायला जिनिव्हाला जायला नको.

आपल्याच देशातलं कोडईकनाल आठवा. थर्मामीटरचा कारखाना. पारा लागलेली फुटकी काच गावातल्या एका भंगाराच्या आवारात सापडली, ओरड झाली, २००१ मध्ये कारखाना बंद पडला. कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं. लक्षात घ्या, पंधरा वर्षं लागली ती हजेरीपटावर नाव असलेल्या कामगारांना. ज्या भंगाराच्या आवारात ती काच पडली होती तिथं कोण काम करत होतं, त्याचा हजेरीपट कुठाय?

आमच्या गल्लीच्या टोकाला असलं एक दुकान आहे. माल निवडायला बायका आणि पोरं बसतात. त्यांच्यातल्या एकीला मी विचारलं, मावशी, नळी फोडताना तोंडाला काही बांधता का? म्हणाली, पदर बांधते. पाऱ्याच्या वाफेला पदर! धुळीच्या साध्या मास्कलाही ती वाफ जुमानत नाही, तिला खास रसायन भरलेला गाळप-मुखवटा लागतो. तो त्या दुकानाच्या मालकानंही बघितलेला नसेल. २०२४ पासून सरकारनं 'नमस्ते' योजनेत कचरावेचकांनाही धरलंय. नोंदणी, संरक्षणाचं साहित्य, आरोग्य कार्ड वगैरे. घ्यावं. हक्कानं घ्यावं. पण हातमोजे दिले म्हणून काम बदलत नाही आणि आडनाव बघून काम वाटायची रीत तर मुळीच बदलत नाही. पुण्यामुंबईच्या कचराकुंडीवर वाकलेल्या बाया कोणत्या जातीच्या आहेत, याला सर्वेक्षण लागत नाही. नावं विचारा.

विजेचा नि बाबासाहेबांचा संबंध आपल्या पोरांना ठाऊक नसतो म्हणून इथंच सांगून टाकतो. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये देशाच्या विजेच्या धोरणावर समिती बसली, तिचे अध्यक्ष तेच. वीज मुबलक हवी, स्वस्त हवी, त्याशिवाय कारखानदारी नाही आणि कारखानदारीशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा मांडणीचा रोख होता. ऐंशी वर्षं झाली. उजेड आमच्या वस्तीत सगळ्यांत शेवटी आला. मेलेले दिवे सगळ्यांत आधी येतात.

आता कायद्याचं बघू, कारण कायदा वाचायचा कंटाळा आपल्याला महागात पडतो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे, १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ च्या नियमांत पाऱ्याचे दिवे नावानिशी आले. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. त्यांची यादी २१ वस्तूंवरून १०६ वर गेली. तत्त्व एकच: जो बनवतो, त्यानं मेल्यावरही जबाबदारी घ्यायची. ऐकायला किती गोड! ढोर ज्याचं त्यानं ओढायचं. पण व्यवहारात काय होतं? कंपनी स्वतः ओढत नाही, ती प्रमाणपत्र विकत घेते. नोंदणी झालेला पुनर्प्रक्रियावाला एवढा धातू काढला म्हणून दाखवतो, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यंत्रणेतून त्याचं प्रमाणपत्र निघतं, कंपनी ते घेते नि सुटते. या प्रमाणपत्राचा हिशेब बसवलाय लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम आणि सोनं या धातूंवर. दिव्यातला पारा किती कोंडला, भुकटी कुठं गेली, यावर तो हिशेब बसत नाही. मग काच-भुकटीच्या वाटेला कोण जाईल? चकती काढायची, बाकीचं द्यायचं फेकून.

आणि या साखळीत माणसं कोण कोण? २०२२ च्या नियमांत नोंदणी चार जणांची: उत्पादक, कंपनीवाला, दुरुस्तीवाला, पुनर्प्रक्रियावाला. आधीच्या नियमांत निदान सुटे भाग करणाऱ्याची वेगळी नोंद होती. गोळा करणाराची, निवडणाराची, फोडणाराची नोंद आता या रांगेत कुठंच नाही. माल मात्र त्यांच्याच हातून पुढं जातो. साध्या घरगुती इलेक्ट्रॉनिक मालाला किलोमागं किमान २२ रुपये द्यायचे असा दर सरकारनं घातला, तर मोठमोठ्या परदेशी कंपन्या दिल्लीच्या हायकोर्टात गेल्या. बावीस रुपये त्यांना जड झाले! आपण भांडायचं ते त्या बावीस रुपयांसाठी. कारण ते धातूचे पैसे नव्हेत, ते विष उचलण्याची मजुरी आहे, आणि ती आज ज्याच्या हातात कागद आहे त्याच्याच खिशात जाते. पोतं आणणाराला मिळतो तो भंगाराचा भाव.

हा फरक नीट समजून घ्या. भंगाराचा भाव म्हणजे बलुतं: ढोर ओढा, कातडं तुमचं. सेवेची मजुरी म्हणजे पगार: काम सांगितलंत, किंमत मोजा, कातड्याचं काय करायचं ते नंतर बघू. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. तिथल्या बायांनी घरटी शुल्क घ्यायला सुरुवात केली. भंगार मिळो ना मिळो, दारातून कचरा उचलला म्हणून पैसे. एवढंसं दिसतं, पण ते शुल्क टिकवायला त्यांना महापालिकेशी वर्षानुवर्षं झगडावं लागतंय. कारण शुल्क मान्य केलं की माणूस मान्य करावा लागतो.

आपल्यातही दोन तऱ्हेचे लोक आहेत. एक म्हणतात, हे घाणीचं काम सोडा, एकदम सोडा, बाबासाहेबांनी सांगितलंय. दुसरे म्हणतात, आता धंदा म्हणून बघा, उद्योजक व्हा, भांडवल मिळतंय. पहिल्यांना मी विचारतो: सोडून खायचं काय? १९२७ नंतर ज्यांनी ढोर ओढणं सोडलं त्यांच्यामागं चळवळ उभी होती, शिक्षणाचा धोशा होता, गिरणीचं दार थोडं तरी उघडं होतं. आज त्या मावशीला 'सोड' म्हणून सांगणारा तिला त्या दिवसाची भाकरी देणार आहे का? दुसऱ्यांना विचारतो: वस्तीतला एखादा गडी गोदामवाला झाला आणि त्यानं वस्तीतल्याच बायांना त्याच किलोच्या भावानं राबवलं, तर त्यात आपण काय कमावलं? मालकाचं आडनाव बदललं, एवढंच ना?

मला यात एक तिसरी वाट दिसते आणि ती फार अवघड नाही, कंटाळवाणी आहे. पाऱ्याचा दिवा वस्तीत फोडायचा नाही. बंद डब्यात, पुठ्ठ्यात, जसाच्या तसा पुढं पाठवायचा. तो फोडायचा तिथं, जिथं बंद यंत्र आहे, हवा ओढून गाळणारी सोय आहे, पारा तापवून पुन्हा थिजवून घ्यायची भट्टी आहे. आणि न फोडता, शाबूत आणून दिल्याची मजुरी नगावर घ्यायची, किलोवर नाही. किलोवर भाव दिला की माणूस काच फोडून पोतं दाबून भरतो. यात त्याचा दोष नाही, भावाचा आहे.

एलईडीचं वेगळं. त्यात पारा नाही. आणि मेला म्हणून फेकलेला एलईडी पुष्कळदा मेलेला नसतोच. ठिपके एकामागं एक ओवलेले असतात, एक जळला की सगळी माळ अंधारते. नाहीतर ड्रायव्हरवरचा कपॅसिटर सुकलेला असतो. आपली पोरं हे दिवे दुरुस्त करून चौकात विकतात, मी बघितलंय. एका दिव्यातल्या सगळ्या धातूंपेक्षा त्या दुरुस्त दिव्याला जास्त पैसे येतात, आणि कुणाच्या छातीत धूर जात नाही. दुरुस्तीवाला २०२२ च्या नियमांत नोंदणीला पात्र आहे. मग आपल्या आयटीआय झालेल्या पोरांनी त्या रांगेत उभं का राहू नये? (काम चालू असताना ड्रायव्हरला हात लावू नका. त्यात मेनचा करंट असतो, झटका जिवावर बेतेल.) दुरुस्त न होणारे राहतील, त्यांचा ढीग एकट्यादुकट्यानं न विकता दहा वस्त्यांनी मिळून लावायचा. मघाशी सांगितलंच, मोल ढिगाला आहे. आणि आपल्यातून जे रसायनशास्त्र शिकलेत, जे मोठ्या पगाराच्या नोकरीत आहेत आणि १४ एप्रिलला वर्गणी पाठवतात, त्यांची वर्गणी राहू द्या. त्यांनी एक रविवार यावं आणि शेडमध्ये काय जाळायचं नाही, ते पोरांना सांगावं.

राहिली एक गोष्ट, आणि ती करायला पैसा लागत नाही. २०१६ च्या नियमांत लिहिलंय, २०२२ च्याही नियमांत आहे, की राज्याच्या कामगार खात्यानं या कामातल्या कामगारांची ओळख पटवून नोंदणी करायची, त्यांचे गट उभे करायला मदत करायची, त्यांना शिकवायचं आणि त्यांच्या सुरक्षेवर दरवर्षी नजर ठेवायची. हे मेहेरबानीचं कलम नव्हे, जबाबदारीचं आहे. आपल्या जिल्ह्यात यातलं काय झालं? कुणालाच विचारावंसं वाटलेलं दिसत नाही. आपण विचारू.

तर वाचकांपैकी प्रत्येक जिल्ह्यातल्या एकानं तरी माहितीच्या अधिकाराखाली जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज टाकावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाची नक्कल जोडली तर तोही नाही. २०१६ पासून आजपर्यंत इलेक्ट्रॉनिक कचरा निवडणाऱ्या-फोडणाऱ्या किती कामगारांची नोंद केली, किती गट केले, किती जणांना प्रशिक्षण दिलं, किती शेडची तपासणी केली, हे वर्षवार मागावं. महापालिकेकडं वेगळा अर्ज: रस्त्यावरून आणि शाळा-दवाखान्यांतून उतरवलेले पाऱ्याचे दिवे कुणाला दिले, किती नग, कोणत्या पावतीवर. तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. नाही आलं तर अपील करा, त्याचा नमुना मागच्या पानावर आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं आमच्याकडं पाठवा. 'माहिती उपलब्ध नाही' एवढंच आलं असेल, तरी पाठवा. जिल्ह्याचं नाव घालून तेही छापू.